बायोडाटातली छंदाची ओळ

डोंगरकडा गावात माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, झेरॉक्स, लॅमिनेशन, आणि गेल्या सात-आठ वर्षांत या सगळ्यांपेक्षा जास्त चालणारं काम म्हणजे लग्नाचे बायोडाटा. वर गणपती, खाली नाव, जन्मवेळ, रास, मामेकुळ, शेती किती, पाणी आहे का, आणि शेवटी अपेक्षा. अपेक्षेच्या रकान्यात पूर्वी पोरं सांगायची, 'गोरी, शिकलेली, गृहकृत्यदक्ष.' पुढे गोरी गेली. मग शिकलेली गेली. आता म्हणतात, 'अपेक्षा काही नाही, तेवढंच टाका.' पोरांच्या गळ्याला लागलेलं पाणी मी असं माझ्या बोटांनी टाइप केलेलं आहे. मी स्वतः एकेचाळीस वर्षांचा आहे. माझाही बायोडाटा त्याच कॉम्प्युटरात एका कोपऱ्यात पडून आहे आणि चार वर्षांत मी तो उघडलेला नाही.

बायोडाटात 'छंद' म्हणून एक ओळ असते. ती कुणी वाचत नाही, म्हणून मी कुणाला विचारतही नाही. 'वाचन, क्रिकेट' असं ठोकून देतो. पोरगं औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचत नसलं तरी त्याचा छंद वाचन. आजपर्यंत एकानंही तक्रार केली नाही. तक्रार केली ती फक्त रुद्रनं.

"भागवतभाऊ, वाचन काहून टाकलं? मी कुठं काय वाचतो?"

"मग काय टाकू? सांग."

"बोर्ड गेम टाका. आधुनिक बोर्ड गेम."

"अरे, लोकायला वाटंल पोरगं सापशिडी खेळून राहिलं. कोण देईल तुला पोरगी?"

"मंग खेळायची नावं टाका. कॅटन टाका. पँडेमिक टाका. खोटं कशाला लिवायचं?"

खोटं कशाला लिहायचं! लग्नाच्या बायोडाटात असं म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. आमच्याकडे म्हणतात, शंभर खोटं बोलावं पण एक लग्न जमवावं. पण तो हटून बसला, आणि मी चिडून त्याला हवं ते टाकून दिलं. ही चार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा तो तिशीत होता, आणि तिशी म्हणजे आमच्याकडे अजून आशेचं वय.

रुद्र म्हणजे तातेरावांचा एकुलता एक पोरगा. नांदेडला डिप्लोमा केला, मग दोन वर्षं चाकणला एका कंपनीत होता. तिथे खोलीवरच्या एका मित्रानं त्याला पुण्यात कुठल्याशा हॉटेलात नेलं. तिथे म्हणे भिंतभर खेळांचे डबे मांडलेले असतात, आणि माणसं चहा घेत तीन-तीन तास एकाच टेबलावर बसतात. रुद्रला तिथे जी चटक लागली ती लागली. मग लकव्यानं तातेरावांची डावी बाजू गेली. घरात आई शालूबाई एकटी, पाच एकर केळी आणि हळद, कॅनॉलचं पाणी. पोरगं नोकरी सोडून परत आलं. येताना कपड्यांची एक बॅग आणणार तो, तर दुसऱ्या बॅगेत चार डबे. शालूबाईंना वाटलं, मिठाई आणली.

आमची बैठक सुरू झाली ती सर्व्हर बंद पडल्यामुळे. पीकविम्याचे शेवटचे दिवस, रविवारची दुपार, कॉम्प्युटरवर नुसतं गोल फिरून राहिलं होतं. दुकानात मी, रुद्र, तांड्यावरचा अमरसिंग आणि देवळातल्या विष्णुपंतांचा श्रेयस. बाकीचे वैतागून घरी गेले. रुद्र म्हणाला, "भाऊ, सर्व्हर येईपर्यंत एक दाखवू का?" आणि त्यानं पिशवीतून कॅटनचा डबा काढला.

सहा कोनांचे तुकडे जुळवून एक बेट करायचं. कुठे गव्हाचं रान, कुठे जंगल, कुठे मेंढ्यांचं कुरण, कुठे विटेची माती. फासे टाकायचे, ज्याचं रान लागेल त्याला त्या पिकाचं पान. लाकूड आणि वीट दिली की रस्ता होतो, अजून काही दिलं की घर होतं. आपल्याकडे जे नाही ते दुसऱ्याकडून अदलाबदल करून घ्यायचं. फाशांवर सात पडले की एक काळा दरोडेखोर उचलून कुणाच्या तरी रानात बसवायचा. तो उठेपर्यंत त्या रानात दाणा पिकत नाही. हे ऐकल्याबरोबर अमरसिंग म्हणाला, "अरे, हे तर रानडुक्कर हाय!" त्या दिवसापासून आमच्या टेबलावर त्याचं नाव डुक्करच पडलं. अमरसिंग ते नेमानं रुद्रच्याच गव्हात नेऊन बसवायचा, आणि रुद्र खऱ्या शेतातून हाकलावं तसा "हुर्र, हुर्र" करायचा. सर्व्हर साडेचारला आला. आम्ही उठलो सहाला.

मग दर रविवारी दुपारी. शटर अर्धं खाली, पंखा चालू, मधे माझं टेबल. तिसऱ्या का चौथ्या रविवारी श्रेयस पत्ते पिसता पिसता म्हणाला, "एक लक्षात आलं का? आपण चौघंही बिनलग्नाचे आहोत." चार जातींची, चार घरची माणसं. एकाची केळीची बाग, एकाचं पौरोहित्य, एकाचा टेम्पो, एकाचं दुकान. आणि दुखणं एकच. कुणाला पोरगी द्यायला बाप तयार नाही, कारण पोरगा गावात राहतो. अमरसिंग म्हणाला, "तुझी पाळी हाय पंडित, फासे टाक." एवढ्यावर तो विषय मिटला. पण मला त्या दिवशी कळलं की आम्ही खेळायला जमत नव्हतो. रविवारी दुपारी घरात बसलं की आई, भावजय, शेजारीण, सगळ्यांच्या तोंडावर एकच प्रश्न दिसतो. त्या प्रश्नातून सुटायला आम्ही जमत होतो.

अर्ध्या शटरनं घोटाळा केलाच. कुणीतरी सांगितलं, सेवा केंद्रात जुगार चालतो. एका रविवारी हवालदार आले. शटर वर ढकललं, टेबल पाहिलं, मेंढ्यांची पानं उचलून उलटीसुलटी केली.

"पैसे कुठंयत?"

"पैसे न्हाईत साहेब, मेंढ्या हायेत," अमरसिंग म्हणाला.

हवालदारांनी डुक्कर हातात घेऊन पाहिलं, खाली ठेवलं, आणि "हे लेकरायचं खेळणं हाय, घरी जा," म्हणून निघून गेले. आम्ही पोट धरून हसलो. पण गावात जे राहिलं ते एवढंच, की पोलीस आले होते. कशाला आले आणि काय म्हणून गेले, हे कोण लक्षात ठेवतं!

रुद्र कसा माणूस होता ते मला सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. एकदा त्यानं पँडेमिक आणला. जगभर साथ पसरलेली असते, आणि सगळ्या खेळणाऱ्यांनी मिळून ती थोपवायची असते. जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. त्याचा तो तेव्हा सगळ्यांत आवडता. मी दोन पाळ्या खेळलो आणि उठून बाहेर गेलो. माझी आई कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत नांदेडच्या दवाखान्यात गेली. मला तिचं तोंडही पाहायला मिळालं नाही. हे मी कुणाला बोललो नव्हतो, पण गाव एवढंसं, रुद्रला माहीत होतं. मी परत आत आलो तर टेबलावर कॅटन मांडलेलं. तो साथीचा डबा मी पुन्हा कधी पाहिला नाही. पुढच्या वेळी बायोडाटा छापताना तो म्हणाला, "पँडेमिक काढा यातून. तो आता माझ्या आवडीचा न्हाई." असा माणूस.

आणि असल्या माणसाला चार वर्षांत सव्वीस ठिकाणांहून नकार आला. निर्व्यसनी, सुपारीचं खांड तोंडात नाही, बागाईत जमीन. पण मुलीकडचे म्हणत, शेती पाहिजे पण पोरगं पुण्यात पाहिजे. मी रागानं बोलायला लागलो की रुद्र मलाच समजवायचा. "भाऊ, पोरीचं काय चुकलं? तिची आई जन्मभर रानात मेली. तिला न्हाई मरायचं." त्याचा मला अजून राग यायचा.

खेळाच्या प्रत्येक डब्याच्या कडेला लिहिलेलं असतं, किती जणांसाठी. कॅटनवर लिहिलंय, तीन ते चार. अमरसिंगचं पहिल्यांदा जमलं. पुसदकडची नात्यातली मुलगी. लग्नात आम्ही तिघं नाचलो. महिन्याभरात तो बायकोला घेऊन पुण्याला गेला, तिथे कुठल्याशा गोदामाची गाडी चालवतो. तिघांत कॅटन होतं, पण डुकराला कुणी मालक उरला नाही. मग श्रेयसच्या मामांनी त्याला हैदराबादला एका देवळात लावून दिलं. शहरात गेल्यावर वर्षाच्या आत त्याचंही ठरलं. जाताना तो माझ्या पाया पडला, जणू मी कुणी वडीलधारा. त्या रविवारी मी आणि रुद्र दोघंच बसलो. त्यानं कॅटनचा डबा हातात घेतला, कडेवरचा आकडा पाहिला आणि फळीवर वर ठेवून दिला.

पुढच्या खेपेला त्यानं पॅचवर्क मागवला, आणि बायोडाटातही टाकायला लावला. हा फक्त दोघांसाठी. एक नाही, तीन नाही, दोघं. आणि खेळ काय, तर गोधडी शिवायची! प्रत्येकाच्या पुढे नऊ बाय नऊ घरांची एक पाटी. मधे कापडाचे वेडेवाकडे तुकडे गोल मांडलेले. बटणं मोजून तुकडा विकत घ्यायचा आणि आपल्या पाटीवर असा बसवायचा की फट राहू नये. शेवटी जितकी बटणं तितके गुण, आणि पाटीवर जितकी घरं मोकळी राहिली त्या प्रत्येकाचे दोन गुण वजा. पहिल्या डावात मी उणे अकरा झालो. रुद्र म्हणाला, "पहिल्या डावात समदेच उणे जातेत, भाऊ. मीबी गेलो होतो." चहावाला आत डोकावून म्हणाला, दोन बाप्ये गोधडी शिवून राहिले. गावभर झालं. होऊ दे म्हटलं. मला त्या रविवारची सोमवारपासून वाट पाहायची सवय लागली होती. भावाच्या घरी जेवायचं, दुकानात यायचं, लोकांचे बायोडाटा छापायचे. आठवड्यात माझं म्हणून काही होतं ते त्या दोन पाट्यांच्या मधे.

मग मंजुषाचं स्थळ आलं.

मुलगी हट्टा गावची. एकोणतीस वर्षांची, तिथेच शिवणक्लास चालवते. वडील नाहीत, मामाच सगळं पाहणारे. एकदा ठरलेलं मोडलं होतं, म्हणून मामा जपून पावलं टाकत होते. बायोडाटा पाहून मुलीनं स्वतः विचारलं म्हणे, "हे पॅचवर्क म्हंजे काय?" ती ओळ आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी वाचली होती. पत्रिका मीच काढली आणि जुळवली. छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण. रुद्रनं तो कागद घडी करून खिशात ठेवला.

घर पाहायला पाहुणे आले, मलाही बोलावलं होतं. मामा तातेरावांशी पाण्याच्या पाळीचं बोलत होते. मुला-मुलीला पडवीत बोलायला बसवलं. मी दारातून पाहत होतो. दोघंही पाच मिनिटं जमिनीकडे पाहत बसले. मग रुद्र उठला आणि डबा घेऊन आला. मी कपाळावर हात मारला. पण मंजुषानं तुकडे हातात घेतले, एक फिरवून पाहिला, आणि शिंप्याच्या नजरेनं बरोबर कोपऱ्यात बसवला.

"हितं फट राहंल," रुद्र म्हणाला.

"न्हाई राहत. दोन तुकडे थांबा, कळंल."

शालूबाई चहा घेऊन आल्या त्या तिथेच टेकल्या. "गोधडीचा खेळ हाय व्हय ह्यो? अगं माय! मला तर वाटलं, पोरगं काय पोरखेळ करून राहिलं." मंजुषा हसली. डाव संपला तेव्हा तिच्या पाटीवर तीनच घरं मोकळी होती आणि गुण नऊ. पहिल्या डावात उणे न गेलेलं माणूस मी तेवढंच पाहिलं. रुद्र हरला, आणि हरलेल्या माणसाच्या तोंडावर एवढा आनंद मी कधी पाहिला नव्हता. तातेरावांनी एका बाजूच्या तोंडानं हसून उजव्या हातानं त्याला जवळ बोलावलं.

मीही हसत होतो. घरी येताना मात्र डब्याच्या कडेवरचा आकडा आठवत राहिला. डबा दोघांसाठी आहे. ते दोघं मिळाले होते.

आमच्याकडे मुलगी द्यायच्या आधी गावात चौकशी करतात. मुलीचं माणूस एकटंच येतं, आल्याचं घरी कळू देत नाही. न्हाव्याकडे, चहाच्या टपरीवर आणि हल्ली माझ्यासारख्याकडे बसतं. या चौकशीची एक रीत आहे. कुणी कुणाचं वाईट बोलत नाही. पाप नको म्हणून. माणूस चांगला असला तर सांगणारा भरभरून सांगतो, डोळे झाकून द्या म्हणतो. आणि सांगायचं नसलं तर एवढंच म्हणतो, 'ते तुमी त्यालाच विचारा.' यापुढे कुणी काही विचारत नाही. चहा पिऊन उठतात. बापजाद्यांपासून चालत आलेलं आहे, लहान लेकरालासुद्धा याचा अर्थ माहीत आहे.

आठवड्यानं, मंगळवारी सकाळी मामा माझ्या दुकानात आले. टोपी काढून बाकावर बसले.

"राम राम. पोरगं तुमच्या बसण्या-उठण्यातलं हाय म्हणून आलो. कसं हाय?"

"चांगलं हाय," मी म्हणालो.

"दारू?"

"न्हाई. तंबाखूबी न्हाई."

"शेती?"

"स्वतः करतो. मेहनती हाय."

मामांचा चेहरा मोकळा झाला. पाणी प्यायले. मग जरा पुढे सरकून म्हणाले, "टपरीवर एक आयकलं. हितं खेळ चालतो म्हणत्यात. पोलीस येऊन गेले म्हणत्यात. आमच्या पोरीचं एकदा मोडलंय, म्हणून इचारतो. राग मानू नका. पैशाचा खेळ हाय का?"

उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. 'पैसे न्हाईत मामा, मेंढ्या हायेत.' एवढं म्हणायचं, फळीवरचा डबा काढायचा, डुक्कर दाखवायचं, हवालदाराची गोष्ट सांगायची. मामा हसले असते. चैत्रात लग्न झालं असतं. आणि चैत्रानंतरच्या रविवारी मी या दुकानात अर्धं शटर लावून कुणाची वाट पाहिली असती? हे सगळं मला एका क्षणात दिसलं. मी काही ठरवलं नाही, असं मी स्वतःला पुष्कळ सांगून पाहिलं आहे. पण ते खरं नाही. मी प्रिंटरकडे वळलो, त्यात नसलेला अडकलेला कागद ओढायला लागलो, आणि पाठमोराच म्हणालो,

"ते तुमी त्यालाच विचारा."

मामांनी पाण्याचा पेला बाकावर ठेवला. मग टोपी घातली. "येतो," म्हणाले. चहा मागवला होता तो घ्यायला थांबले नाहीत.

दोन दिवसांनी तातेरावांच्या घरी निरोप आला, पत्रिका जमत नाही. पत्रिका जमत नाही हे आमच्याकडचं सभ्य नकाराचं वाक्य आहे. शालूबाई तो कागद घेऊन माझ्याकडे आल्या. "भागवता, अठ्ठावीस गुण हायेत न्हवं? तूच काढले न्हवं? पुन्हा एकदा काढ बरं, बाबा." मी पुन्हा काढले. अठ्ठावीसच आले. त्या दुकानाच्या पायरीवर बसून रडल्या, आणि मी आत खुर्चीत बसून राहिलो. उठून त्यांना पाणी देण्याची माझी हिंमत झाली नाही.

त्या रविवारी रुद्र आला नाही. पुढच्याही आला नाही. मी ज्या रविवारसाठी हे केलं तो रविवार काही मला मिळाला नाही. फोन केला तर म्हणायचा, केळीला पाणी चालू आहे. रस्त्यात भेटला तर नीट बोलायचा, नेहमीसारखाच. मला शिव्या घातल्या असत्या, गचांडी धरली असती तर बरं वाटलं असतं. पण त्याला काही माहीतच नव्हतं.

तीन महिन्यांनी, हळद शिजवायचे दिवस संपल्यावर, तो दुकानात आला. हात पिवळे, दाढी वाढलेली, काखेत पॅचवर्कचा डबा. मंजुषाचं त्या आधीच जिंतूरकडे कुठेतरी झालं होतं, हे मला कळलं होतं. त्यालाही कळलंच असणार.

"भाऊ, हा तुमच्यापाशी राहू द्या. घरचे डबे पुण्याला एकाला देऊन टाकले, फळीवरचा कॅटनबी आज नेतो. हा आपल्या दोघांसाठी घेतला होता, म्हणून हा तुमचा."

"मला काय करायचा? खेळायला कोण हाय?"

"तुमचं कधी जमलं, तर कामी येईल," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. तो खरोखर तसं म्हणत होता.

मी डबा हातात घेतला. वाटलं, आता सांगावं. आत्ता सांगितलं नाही तर कधीच सांगता येणार नाही. "रुद्र, ते मामा माझ्याकडे आले होते त्या वेळी," मी म्हणालो.

"माहीत हाय मला. टपरीवाला म्हणला. तुमी माझ्याबद्दल चांगलंच सांगितलं असंल, भाऊ, ते काय मला सांगायला पाहिजे? दुसऱ्या कुणीतरी खेळाचं सांगितलं. जाऊ द्या. कुणाला काय बोलायचं! माझंच चुकलं, पोरीपुढं डबा काढून बसलो." तो बाकावर बसला आणि पिवळे हात गुडघ्यांवर ठेवले. "नवा बायोडाटा काढा. वय चौतीस करा. आणि ती छंदाची ओळ काढून टाका."

मी फाईल उघडली. वय बदललं. मग खाली आलो. 'आधुनिक बोर्ड गेम: कॅटन, पॅचवर्क.' एक एक अक्षर मागून खोडत गेलो आणि ओळ संपली. 'छंद' आणि पुढे पांढरी जागा.

"मोकळंच ठेवू का?" मी विचारलं.

रुद्र वाकून स्क्रीनकडे पाहत होता. जरासा हसला.

"मोकळं नका ठेवू, भाऊ. मोकळ्या घराचे दोन जातेत. वाचन टाका."

मी 'वाचन, क्रिकेट' टाकलं आणि प्रिंट दिली.